सुरयांच्या खडकावर उघडलेली छत्री

बंगळूरच्या सर्जापूर रोडला राहणारा माझा भाचा प्रसाद मला न्यायला चामराजपेटच्या माझ्या घरी आला, तो नखशिखांत लष्करी हिरव्या कपड्यांत. "मावशी, बर्ड्सना आपण दिसता कामा नये," म्हणाला. सगळी गल्ली त्यालाच बघत होती. त्याच्या यादीत चारशे नव्याण्णव पक्षी झाले होते. पाचशेवा म्हणे सुरय नावाचा समुद्रपक्षी, होन्नावरच्या समुद्रात, तोही भर मे महिन्यात. मी आपली समुद्र बघायला निघाले.

वाटेत सागर गावात मी नीर दोसे (तांदळाची पातळ धिरडी) खाल्ले. प्रसादने दुर्बीण पुसली.

दुसऱ्या दिवशी होडीत बसताना नावाडी गणपण्णाने बजावलं, "अम्मा, हलायचं नाही, ओरडायचं नाही. खडकावर मोट्टे (अंडी) आहेत. पाखरं उडाली की ती उन्हात शिजतात, नाहीतर घार नेते."

"सरी, सरी (बरं, बरं)," प्रसाद म्हणाला. मी त्याच्याकडे बघून डोळे वटारले. ही ताकीद त्याच्यासाठीच होती, मला कशाला लागते!

खडकाच्या बेटावर शेकडो सुरय होते. एक नर चोचीत मासा धरून मादीपुढे मिरवत होता. ती पाठ फिरवायची, हा पुन्हा समोर हजर. आमच्याकडच्या स्थळांची आठवण झाली. बाकीचे चोची वासून, पंख सैल सोडून आपापल्या अंड्यांवर सावली धरून उभे होते. स्वतः भाजत होते बिचारे.

माझंही डोकं तापलं. काही विचार न करता मी छत्रीचं बटण दाबलं.

खाट्! सगळा खडक आभाळात उडाला.

"अय्यो! मिटा, अम्मा, मिटा!" गणपण्णा ओरडला. मेली मिटेचना. प्रसादचा कॅमेरा खटाखट चालू होता. एक घार खाली आली, काहीतरी उचलून घेऊन गेली. गणपण्णाने होडी तिथूनच वळवली आणि थेट किनाऱ्याला लावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बंगळूरला परतल्यावर आठवड्याने प्रसाद तो फोटो फ्रेम करून घेऊन आला. "बेस्ट शॉट ऑफ माय लाइफ, मावशी! थँक्स टू यू!" आभाळभर नुसते पंख. खालचा खडक त्याने कापून टाकला होता, "तिथे काही नव्हतंच" म्हणून.

मी तो परत पाठवला आणि खडकासकट करून मागवला. आता दिवाणखान्यात लावलाय. लोक म्हणतात, "वा, काय उड्डाण!" मग जवळ जाऊन विचारतात, "अक्का, खाली हे ठिपके कसले?"

"अंडी," मी सांगते. "माझ्यामुळे उघडी पडली."