एका रेषेत दोन मोटारी

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात संचिता कुबल प्लास्टिकच्या बादल्यांचे आणि झाकणांचे साचे कॉम्प्युटरवर काढते. देवबागला घरी आली की ती विमानं काढते. शर्यतीत पळणारी, रिमोटवर उडणारी, दोन हात पसरले की मावतील एवढी. आणि एकापेक्षा जास्त मोटारींची, जी फारसं कुणी करत नाही.

ती उडवतात तिचे सासरे. सगळा गाव त्यांना दाजी म्हणतो, तीही दाजीच म्हणते. त्यांचं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं. परदेशातून त्यांनी मुलासाठी छोटी विमानं आणली, पण सिद्धेशला पाण्याचं वेड; तो आज पर्यटकांना होडीतून फिरवतो. विमानं माळ्यावरच राहिली. लग्न होऊन आल्यावर संचिताने ती खाली काढली, पुसली आणि दाजींना विचारलं, "ही उडतत?"

"उडयल्यार उडतत," दाजी म्हणाले.

दोन मोटारींचं खूळ नियम वाचून निघालं. शर्यतीत मोटारीच्या आकाराला मर्यादा होती, पण मोटारी किती असाव्यात याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. तिने आयोजकांना फोन केला. "लावा की दोन," ते म्हणाले, "वजनानेच मागे पडाल."

पहिल्या विमानाच्या दोन्ही पंखांवर एकेक मोटार होती. कणकवलीकडच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, ते छान चढलं आणि डावी मोटार बंद पडली. उजव्या मोटारीने विमान गरकन फिरवलं आणि ते उलटं होऊन कातळावर आपटलं.

"माझो हात चुकलो," दाजी तुकडे गोळा करताना म्हणाले.

"हात नाय चुकलो. एका बाजूची ओढ गेली की कोणीय उडवलान तरी ता असाच पडतला."

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच प्रश्न होता. एक मोटार गेली तरी विमान सरळ राहील कसं? उत्तर सोपं होतं, करायला कठीण. तिने एक मोटार नाकावर लावली, दुसरी पंखांच्या मागे, त्याच रेषेत. पुढची ओढणार, मागची ढकलणार. पण मागचा पंखा फिरायचा तिथे शेपटीला जागा उरेना. मग तिने मासे गरवायच्या जुन्या काठीचे दोन तुकडे पंखांपासून मागे नेले आणि त्यांच्या टोकांवर शेपूट बसवली. सासूबाई, राधाबाई, बघून म्हणाल्या, "ह्या इमान काय शिडी?"

शर्यत घाटावर होती, एका जुन्या धावपट्टीवर. एका वेळी चार विमानं तीन खांबांभोवती चकरा मारतात. लांबच्या खांबापाशी विमान कधी पोचलं ते उडवणाऱ्याला नीट कळत नाही, म्हणून शेजारी उभा असलेला जोडीदार ओरडून सांगतो. संचिता "आता" म्हणायची आणि दाजी वळवायचे. पहिल्या फेरीत ते दुसरे आले. लोक जवळ येऊन विमान न्याहाळू लागले.

दुसऱ्या फेरीत मागच्या मोटारीचा आवाज बदलला. पुढच्या मोटारीने तापवलेल्या, घुसळलेल्या हवेत ती गरम होत होती. संचिता कान देऊन तो आवाज ऐकत राहिली आणि मोटार थांबली. विमानाचा वेग कमी झाला, पण ते जरासुद्धा वाकडं झालं नाही. तिला इतका आनंद झाला की "आता" म्हणायचं राहूनच गेलं. विमान लांबचा खांब ओलांडून सरळ उभ्या गाड्यांच्या दिशेने निघालं. तिने दाजींच्या हातांकडे पाहिलं. अंगठे हलत नव्हते.

"दाजी, वळवा!"

त्यांनी वळवलं आणि चकरा पुऱ्या करून विमान नीट उतरवलं. त्या फेरीत ते शेवटचे आले, पण दोन्ही फेऱ्या धरून अंतिम शर्यतीत त्यांची जागा पक्की झाली.

गाडीच्या सावलीत तिने हळूच विचारलं, "तुमका थयसर, खांबाकडे, दिसत नाय मा?"

दाजी पाणी प्यायले. "खांब दिसता. इमान धुक्यात गेल्यासारख्या होता. तुझो आवाज इलो की मी वळवतंय."

"कधीपासना?"

"पावसाच्या आधीपासना. सांगलंय असतंय तर तू माका उडवूक दिलं नसतंस."

संचिता उठून आयोजकांच्या टेबलाकडे गेली आणि अंतिम शर्यतीतून नाव काढून घेतलं. कारण विचारल्यावर म्हणाली, मागची मोटार जळाली. दाजी पाठोपाठ आले होते, त्यांनी ते ऐकलं.

फोंडाघाट उतरून दोघं परत निघाली. कणकवलीला चहाच्या टपरीवर दाजी म्हणाले, "मोटार जळूक नाय. थंड झाल्यार फिरली असती."

"होय."

"मगे?"

"गाडयेंकडे पोरां उभी होती, दाजी."

त्यांनी चहा संपवला. "डॉक्टराची येळ घे," म्हणाले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांची ऑपरेशनं होऊन डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत संचिताने स्वतः उडवायला घेतलं. तिचा हात जड. दोन विमानं तिने सड्यावर मोडली, आणि काळा चष्मा लावून खुर्चीवर बसलेल्या दाजींनी दोन्ही वेळा ते नुसत्या आवाजावरून ओळखलं. मागच्या मोटारीसाठी तिने विमानाच्या दोन्ही कुशींना झरोके कापले, बाहेरची थंड हवा थेट मोटारीवर यावी म्हणून. त्याने वेग थोडा घटला, पण मोटार तापायची थांबली.

पुढच्या मोसमात दाजींनीच उडवलं. ते तिसरे आले. लांबच्या खांबापाशी ती "आता" म्हणायच्या आतच विमान वळत होतं, तरी ती म्हणत राहिली. त्या शर्यतीनंतर आयोजकांनी एकापेक्षा जास्त मोटारींच्या विमानांसाठी वेगळा गट काढला. त्यात अजून मोजकीच माणसं उतरतात.

सध्या तिच्या कॉम्प्युटरवर तीन मोटारींचं विमान आहे. दाजींना ते पसंत नाही. तिसरी मोटार म्हणजे नुसतं ओझं, असं त्यांचं म्हणणं. रोज जेवताना दोघांचा वाद होतो, आणि सिद्धेश मासे संपवून उठला तरी तो चालूच असतो.