वाक्य कुणापासून सुरू होतं

सरांनी माझा प्रबंध सगळ्या वर्गासमोर उघडला आणि पहिलाच शब्द खोडला. "मी." खालच्या परिच्छेदातही तेच. "हा एम.ए.चा प्रबंध आहे की घरची रडगाणी? शास्त्रात मी नसतो. तुमच्याकडे हे कोणी शिकवलेलंच नसतं." मुलं हसली. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

विषय होता, सिल्व्हासाच्या कंपन्यांतले कामगार राहतात कसे. मी तिथेच, सामरवरणीच्या चाळीत राहते. नंदुरबारकडून आलेले आम्ही. आई धाग्याच्या कंपनीत रात्रपाळीला. खोलीत गादी एकच. रात्री तिच्यावर मी, सकाळी पाळीवरून आलेली आई. मी लिहिलं होतं, "मी उठते तेव्हा आई झोपायला येते. आमची गादी थंड होत नाही." सरांनी केलं, "असे आढळून येते की कामगार कुटुंबे गादी पाळीपाळीने वापरतात."

आढळून कुणाला येतं? प्रश्न तेव्हाच पडला होता. पण सर मुंबईचे, सही त्यांची लागणार. मुकाट्याने सगळी वाक्यं 'असे दिसते', 'असे आढळते' करून टाकली. शंका मात्र जाईना. माझा मी खोडून या माणसाला काय मिळतं?

ते कॉलेजच्या चर्चासत्रात कळलं. सर माईकवर म्हणाले, "मी स्वतः त्या खोल्यांमध्ये गेलोय. मी पाहिलंय, तिथली गादी कधी थंड होत नाही." टाळ्या पडल्या. सर आमच्या गल्लीत कधी फिरकलेसुद्धा नव्हते. माझा मी खोडला होता तो स्वतःचा बसवायला.

घरी आईला सांगितलं. ती कामावर निघाली होती. दारातच थांबली. तो इथे झोपला होता कधी, एवढंच तिने विचारलं.

"तो कव्हय जपना व्हता आठे?"

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर मूळ प्रबंध ठेवला, खोडलेले सगळे 'मी' परत घालून.

"यावर सही होणार नाही. वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे. त्या गादीवर मी झोपते, सर. तुम्ही नाही."

वर्ष गेलं. सध्या मीही कंपनीत जाते, दिवसपाळीला. पुन्हा परीक्षेला बसणार आहे, हाच प्रबंध घेऊन. समोर तेच सर असोत की दुसरे, माझा आता कुणावर भरवसा नाही. नापास करायचं तर मला करा. खोडू देणार नाही.