प्लेटलेट्स निर्दोष सुटल्या, मी अजून आतच

मंडळी, सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या खाटेवरून लिहितोय. ताप परवाच उतरला, पण मशीनने माझ्या प्लेटलेट्स अठ्ठावीस हजार मोजल्या. त्यामुळे मला दात घासायलाही बंदी आहे. हिरड्यांतून रक्त येईल म्हणे.

बायकोने रिपोर्टमधल्या तेवढ्या आकड्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात जवळच्या कुंभारी गावचा मेहुणा दोन रक्तदाते घेऊन हजर! "दाजी, उठायचं न्हाय. तुमी नुसतं पडून ऱ्हावा की."

आज सकाळी प्लेटलेट्स चढवायची तयारी चालली होती, तेवढ्यात लॅबमधल्या बाई आल्या. "काका, आकड्याखालची ओळ कुणी वाचली का? 'गुठळ्या दिसतात, काचेवर तपासा.' काही जणांच्या प्लेटलेट्स या जांभळ्या टोपणाच्या नळीत एकमेकींना चिकटतात. मग मशीनला त्या मोजताच येत नाहीत."

त्यांनी निळ्या टोपणाच्या नळीत नवं रक्त घेतलं, काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिला. पावणेदोन लाख!

मी चपला घातल्या. डॉक्टर म्हणाले, "उत्तम! पण आमच्या नियमाप्रमाणे नेहमीच्या तपासणीत आकडा वाढला की मगच सुट्टी. उद्या बघू."

"कुठल्या नळीत?"

"नेहमीच्याच. जांभळ्या."

मेहुण्याने रक्तदात्यांना मुक्कामाला थांबवलंय.

तुमच्यापैकी कुणी निर्दोष ठरल्यावरही आत राहिलंय का? बाहेर कसे पडलात, तेवढं उद्या सकाळच्या आत कळवा.