नाथसागरच्या गाळात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. नसरीनला तर — तिला कुठल्या तोंडानं सांगणार? तुम्ही आम्हा दोघींना ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतेय.

नसरीन आणि मी एकाच शाळेत शिकवतो. ती चित्रकला, मी मराठी. तिचं घर शहरातल्या शहागंजात, सासऱ्यांच्या कापडदुकानाच्या वर; माझं माहेर पिशोर गावचं. पक्षी बघायचं वेड तिचं, मला तिनंच लावलं. थंडी सरत आली की आम्ही माझ्या गाडीनं नाथसागरच्या काठाला जायचो. धरणाचं पाणी मागं सरकलं की तिथं काळाभोर गाळ उघडा पडतो. त्या गाळाचे ती पक्षी करायची — बगळे, बदकं, मान वळवलेले रोहित — आणि तिथंच ठेवून यायची. पावसाळ्यात पाणी चढलं की ते पुन्हा गाळात. घरी का नेत नाहीस, विचारलं तर म्हणायची, "जिथलं तिथं राहू दे की."

त्या सकाळी आम्ही दोघीच होतो. लांब पाण्यात रोहित उभे होते. नसरीनला आणखी मऊ गाळ हवा होता. "नको गं पुढं जाऊ," मी म्हटलं. ती गेली, आणि गुडघ्यापर्यंत आत रुतली. पाय काढायला गेली तर मांडीपर्यंत. आधी हसतच होती. मग हसू थांबलं.

"सुनंदा, हात दे."

मी हात दिला. इथपर्यंत सगळं खरं आहे, आणि इथपर्यंतच मी सगळ्यांना सांगत आलेय. पुढचं —

पुढचं असं, की तिनं माझा हात घट्ट धरला आणि माझाही पाय सरकला. घोट्यापर्यंत आत गेला. गार, जड काहीतरी खाली ओढत होतं. तेव्हा मला माझी मुलं आठवली असं सांगितलं, तर तुम्ही समजून घ्याल. पण मुलं आठवली नाहीत. कुणीच आठवलं नाही. फक्त हात सोडवायचा होता. ती सोडेना. मी तिची बोटं उचकटली. करंगळी सुटेना, तर ती मागं वाकवली. काडकन आवाज आला. ती ओरडली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली.

"माणसं घेऊन येते," म्हणून मी पळाले.

आणली का माणसं? रस्त्याला एक ट्रॅक्टर उभा होता. सावलीला दोघं-तिघं बोलत बसले होते. एक हाक मारायची होती. मी त्यांच्यासमोरून गेले, गाडीत बसले आणि काच वर केली. वाटत होतं, ती बाहेर आली की सांगणार, हिनं माझं बोट वाकवलं. म्हणजे तिनं बाहेर येऊच नये, असं मला वाटत होतं का? या प्रश्नापाशी मी किती वर्षं येते आणि मागं फिरते.

तिला काढलं ते दोन मासेमारांनी. जाळी बघायला तराफ्यावरून निघाले होते, त्यांना ती दिसली. तिला काठाला सोडून ते परत पाण्यात गेले. चिखलानं माखलेली नसरीन गाडीपाशी आली, तेव्हा वाटलं — संपलं आता. तिनं मला मिठी मारली.

"तूच धाडलंस ना त्यांना? मला माहीत होतं, तू सोडून जाणार नाय."

मी म्हटलं, "व्हय."

परतताना वाटेत चितेगावला चहाला थांबलो, तर ती चहावाल्यालाही सांगत होती, ही नसती तर आज मी गेलेच होते. करंगळी सुजली होती. ओढताना दुखावली, म्हणाली. ती आजही नीट मिटत नाही. ब्रश धरताना वेगळी उभी राहते, आणि स्टाफरूममध्ये मी दुसरीकडं बघते. तिला खरंच आठवत नसेल? की सगळं आठवतंय आणि तीच मला सांभाळून घेतेय? तिच्या तोंडाकडं बघून मला कधीच ठरवता आलेलं नाही.

ईदला शीरखुर्म्याचा डबा आधी माझ्या घरी येतो. तिची अम्मी माझ्या डोक्यावर हात ठेवून दुआ देते. मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो.

परवा नसरीनचा फोन आला. तिची मुलगी सना कॉलेजच्या मुलींबरोबर रविवारी तिथंच जाणार आहे, आईसारखे गाळाचे पक्षी करायला. नसरीनला त्याच दिवशी भावाकडं लग्नाला जायचंय.

"तू जाशील ना गं तिच्यासोबत? तू असलीस की मला काळजी नाय."

मी जाते म्हटलं.