नांदेडहून निघालेली गाडी

देविदास पाईकराव कळमनुरीच्या बसस्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर होते. कागदोपत्री त्यांना वाहतूक नियंत्रक म्हणत, पण वाहतूक काही त्यांच्या नियंत्रणात नव्हती आणि तसा आव त्यांनी कधी आणलाही नाही. खड्डे, पंक्चर, बाजाराची गर्दी, रस्त्यात आडवा झालेला उसाचा ट्रॅक्टर, यांच्यापुढे केबिनमधल्या माणसाचं काय चालणार? त्यांच्या ताब्यात होती ती फलाटावर खोळंबलेली माणसं. ती त्यांनी अशी सांभाळली की एकतीस वर्षांत केबिनच्या काचेवर एक दगड आला नाही. ही गोष्ट ते पेन्शनीपेक्षाही जास्त अभिमानानं सांगतात.

त्यांची विद्या साधी होती. गाडी कधी येईल हे सांगायचंच नाही. गाडीनं काय सोडलं ते सांगायचं. दहा मिनिटांत येते म्हटलं की अकराव्या मिनिटाला माणूस काच वाजवतो. तेच 'गाडीनं वारंगा फाटा सोडला' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं गाडी चालायला लागते. तो बाकावर जाऊन बसतो, पिशवीतलं एक केळ सोलून खातो. अर्ध्या तासानं परत आला की त्याला पुढचं गाव द्यायचं. वर, तकलीफ झाली, मला कळतंय, हेही न चुकता म्हणायचं. पाईकराव ते मनापासून म्हणत, कारण त्यांना खरंच कळत असे.

निवृत्तीला पाच वर्षं झाली तरी गाव त्यांना कंट्रोलरच म्हणतं. फक्त एका घरात त्या पदाला कवडीची किंमत नाही. गल्लीच्या टोकाला त्यांची थोरली बहीण राहते, सोजराबाई. आई लवकर गेली तेव्हा पाईकराव दोन वर्षांचे होते आणि सोजराबाई अकराची. तिनं चौथीतून शाळा सोडली, भावाला कडेवर घेतलं आणि पुढं निंदण-खुरपण करून त्याला दहावी काढायला लावली. लग्न झालं, मूलबाळ झालं नाही, नवराही गेला. मग बावीस वर्षं तिनं शाळेत लेकरांची खिचडी शिजवली. पाईकराव तिला बाई म्हणतात आणि बाईच्या शब्दाबाहेर जायची त्यांची उभ्या जन्मात टाप झाली नाही.

अशी ही बाई कार जिंकली. निदान तिला तसा फोन आला होता.

ही बातमी पाईकरावांना सोमवारी सकाळी शेजारच्या करुणानं सांगितली. करुणा शिवणकाम करते आणि गल्लीतलं सगळं तिला मशीनवर बसल्या जागी दिसतं. तिनं सांगितलं ते असं. कुणी वर्मासाहेब चार दिवसांपासून सोजराबाईला फोन करत होता. लकी ड्रॉमध्ये पांढरी कार लागली आहे, टॅक्सचे अडतीस हजार पाचशे भरले की गाडी दारात. म्हातारी कुणाचं ऐकत नव्हती आणि आज नवं लुगडं नेसून, पासबुक घेऊन बँकेत निघाली होती.

ते पैसे कसले होते ते पाईकरावांना ठाऊक होतं. खिचडीच्या मानधनातून तिनं बँकेत पंचेचाळीस हजार साठवले होते, शेवटच्या दिवसांत कुणापुढं हात पसरायला लागू नये म्हणून. त्यातून अडतीस गेले म्हणजे म्हातारपणच गेलं.

ते चपला सरकवून धावत गेले. समजावून पाहिलं, पेपरातल्या बातम्या सांगितल्या, हात जोडले. सोजराबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "माह्यं बरं झालेलं तुला बघवत न्हाई का देव्या?"

पाईकराव खाली बसले. रागावलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो हे त्यांना बसस्टँडनं शिकवलं होतं, आणि हट्टाला पेटलेला माणूस काही वेगळा नसतो. त्यांनी सूर बदलला. म्हणाले, बरं बाई, भर पैसे. पण तो हिंदीत बोलतो, तुला अर्धं कळत नाही. बोलणं मी करतो, तू नुसती शेजारी बसून ऐक. आणि पैसे खात्यात पडलेत हे परक्या माणसाला फोनवर कशाला सांगायचं? ते दुसऱ्याकडून येऊन राहिलेत असं सांगू, आणि त्याचा भरवसा पटला की मगच बँकेत जाऊ. ही सावधगिरी सोजराबाईला पटली. ती स्वतः पासबुक ज्वारीच्या कोठीत ठेवणारी बाई.

बँक चार वाजता बंद होते. घड्याळात अकराला पाच कमी होते. पुढं काय करायचं हे पाईकरावांना माहीत नव्हतं. त्यांना फक्त थांबवून ठेवता येत होतं.

अकराला फोन आला. पाईकरावांनी तो स्पीकरवर टाकून मधे पाटावर ठेवला आणि दखनी हिंदीत आपली ओळख करून दिली: बाईचा सख्खा भाऊ. वर्मासाहेबाचा आवाज तुपात घोळलेला होता. त्यानं अभिनंदन केलं, पैशाचं विचारलं.

"पैसा निकल गया साब," पाईकराव म्हणाले. "नांदेड से गाडी में बैठा है हमारा आदमी. आता म्हणजे, अबी अर्धापूर छोड्या."

पलीकडून समाधानाचा हुंकार आला. पाईकरावांना तो हुंकार चांगला ओळखीचा होता. माणूस बाकावर जाऊन बसला होता.

मग सुरू झाली ती गाडी. नसलेली गाडी पळवायला खरं तर काय लागतं? पण पाईकरावांना ती वेळापत्रकाबाहेर पळवता येईना. सवयच तशी. साडेअकराला फोन आला तेव्हा त्यांनी तिला वारंग्याच्या अलीकडे ठेवलं, कारण मधल्या फाट्यावर लग्नाचं वऱ्हाड चढलं होतं. बाराला वारंगा फाट्यावर मागचं टायर बसलं. वर्मासाहेबानं विचारलं, दुसरं टायर नाही का. आहे, पण जॅक आखूड पडून राहिला, दुसऱ्या गाडीचा मागवला आहे, असं पाईकरावांनी सांगितलं. त्यात त्यांनी ड्रायव्हरचं नावही सांगून टाकलं. किसनसिंग, फार सांभाळून चालवणारा माणूस, घाई करणाऱ्यांतला नाही.

फोन बंद झाल्यावर सोजराबाईनं भुवया चढवल्या. "किसनसिंग अजून ड्युटीवर हाय व्हय? त्याचे तर गुडघे गेले म्हंत व्हते."

किसनसिंगला रिटायर होऊन बारा वर्षं झाली होती. पाईकराव खाकरले आणि म्हणाले, आजच्यापुरता बोलावलाय. करुणा शिलाईचं ब्लाउज घेऊन उंबऱ्यावर येऊन बसली होती. तिनं तोंडात पदर कोंबला.

एक वाजता जॅक आला. दीडला गाडी हलली. दोनला ती बाळापुरात शिरली आणि तिथं बाजार भरलेला. आज बाळापूरचा बाजार नव्हता, पण वर्मासाहेबाला कुठून कळणार? बाजारात एका बाईनं दोन कोंबड्या आणि अर्धं तिकीट यावरून कंडक्टरशी भांडण काढलं. अर्धं तिकीट बाईला आहे, कोंबड्यांना नाही, असं कंडक्टरचं म्हणणं. हा वाद पाईकरावांनी दोन्ही बाजूंनी इतक्या तपशिलात सांगितला की वर्मासाहेब मधेच विचारून बसला, मग कोंबड्यांचं काय ठरलं? लगेच त्याच्या लक्षात आलं आणि तो चरफडला, पण त्याआधी त्यानं विचारलं होतं खरं.

तोवर गल्लीतल्या चार बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणी शेंगा निवडत होतं, कुणी नातवाला मांडीवर घेतलं होतं. पाईकरावांचा चेहरा उजळला होता. पाच वर्षांत त्यांना कुणी एकदाही विचारलं नव्हतं, गाडी कुठवर आली. आता दिल्लीचा की कुठला तो माणूस दर अर्ध्या तासानं विचारत होता, तेही गावांची नावं घेऊन. वर्मासाहेबाला वारंगा, बाळापूर तोंडपाठ झालं होतं. "बालापूर निकला क्या?" असं तो काकुळतीनं विचारायचा, आणि पाईकराव त्याला म्हणायचे, तकलीफ होऊन राहिली साहेब, मला कळतंय. खरं सांगायचं तर त्यांना त्याची थोडी कीवही आली होती.

मजा सगळ्यांना येत होती, पण पाईकरावांची नजर सारखी बहिणीकडं जात होती. ती हसत नव्हती. पासबुक मांडीवर धरून ती फोनकडं बघत बसली होती. आज चार वाजता बँक बंद होईल, मग उद्या? उद्या अकराला बँक पुन्हा उघडेल आणि ही पुन्हा लुगडं नेसेल. हा विचार आला की पाईकराव घाईघाईनं गाडीला आणखी एका फाट्यावर थांबवत.

साडेतीनला वर्मासाहेबाचं तूप आटलं. पाईकरावांनी त्याला नुकतंच सांगितलं होतं की गाडी गावाच्या वेशीवर आली आहे, पण किसनसिंग चहाला उतरला आहे. त्यावर वर्मासाहेब फुटला. गाडीला शिवी दिली, किसनसिंगला दिली, पाईकरावांच्या खानदानाला दिली. "और उस बुढ़िया को बोल, आज पैसा नहीं आया तो पुलिस भेजूँगा. गाड़ी-वाड़ी कुछ नहीं मिलेगी उसको."

पाईकराव सवयीनं म्हणायला गेले, तकलीफ झाली. पण सोजराबाईनं हात पुढं केला आणि पाटावरचा फोन उचलला. पाईकरावांना वाटलं, संपलं, आता ही त्याची माफी मागणार आणि पळत बँकेत जाणार.

ती मराठीतच बोलली, सावकाश, त्याला कळो न कळो.

"बावीस वर्सं खिचडी वाढली म्या, लेकरा. पोरगं उशिरा आलं तर वाढणारीला राग येत न्हाई, पातेलं झाकून बसते ती. राग येतो तो भुकेल्याला. तू सकाळपासून मला द्यायला बसलास म्हंतो, मंग भूक तुला काहून लागली?"

पलीकडून फोन कट झाला.

करुणानं आधी टाळी वाजवली, मग सगळ्या बाया हसायला लागल्या. कुणी किसनसिंगच्या चहाची नक्कल केली, कुणी कोंबड्यांची. करुणानं तो नंबर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवून टाकला. कुणीतरी चहा टाकला. चारचे ठोके पडले तेव्हा अंगणात जत्रा असल्यासारखा कालवा चालला होता.

पाईकरावांना हायसं वाटलं. ते बहिणीजवळ सरकले. ती पासबुकावरून हात फिरवत होती आणि तिचा चेहरा उतरला होता. कार गेली म्हणून तिला वाईट वाटतंय हे त्यांना दिसलं आणि आपण फार हसलो याची लाज वाटली. त्यांनी हळू आवाजात विचारलं, बाई, तुला कार चालवता येत नाही, गल्लीत ती शिरत नाही, एवढी कशाला पाहिजे होती?

"मला कशाला पाहिजे?" सोजराबाई म्हणाली. "तुह्या नावावर करणार व्हते. साऱ्या मुलखाच्या गाड्या सोडल्या तू, अन् सवता पावसापाण्याचा सायकलीवर घरी आला. एकतीस वर्सं पाह्यलं म्या ते या दारातून. मनात बसलं व्हतं माह्या. मंग त्यो फोनवर कार म्हनला, अन् मी भुलले."

हजारो चिडलेल्या, थकलेल्या, रडकुंडीला आलेल्या माणसांना ज्यांनी एकतीस वर्षं न अडखळता उत्तरं दिली, त्या पाईकरावांना तोंड उघडता येईना. डोळे भरले, ते त्यांनी बाहीनं पुसले, पुन्हा भरले. करुणानं चहाचा कप पुढं केला तो त्यांना दिसलाच नाही.

शेवटी कसंबसं ते म्हणाले, "बाई, म्हातारपणाचे पैसे तुझे. ते तू माझ्यापायी घालणार होतीस?"

सोजराबाईला हा प्रश्नच कळला नाही. तिनं भावाच्या हातात कप दिला, चहा निवून राहिला म्हणाली, आणि मग म्हणाली, "मंग दुसऱ्या कुनापायी घालू?"