ओमाचं सहावं ताट

आमच्या भावोजींइतका जगभर फिरून कुठेच न गेलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मिठबावचे, बोटीवर खलाशांचे स्वयंपाकी. बंदर म्हणून त्यांनी एकही सोडलं नव्हतं. पण प्रत्येक बंदराबद्दलचं त्यांचं मत एका वाक्यात संपत असे. लंडन कसं आहे? "बांगडो गावना नाय." रॉटरडॅम? "बांगडो गावता, पन शिळो." सिंगापूरला मात्र ते बरं म्हणत, कारण तिथे एका चिनी दुकानदाराशी तासभर घासाघीस करून त्यांनी नारळ मिळवला होता. समुद्राच्या दोन्ही अंगांना मिठबावच पसरलेलं आहे, काही ठिकाणी माणसं जरा गोरी निघतात एवढंच, अशी त्यांची भूगोलाची समजूत होती.

भाषेची अडचण त्यांना ठाऊकच नव्हती. मालवणी सगळ्या जगाला येते, फक्त काही लोकांना कमी ऐकू येतं, असं ते धरून चालत. "हळू आणि मोठ्यान सांगलंय काय खंयच्याय माणसाक समाजता," हा त्यांचा सिद्धांत. हॅम्बुर्गला एका पोलिसाला त्यांनी भर रस्त्यात, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अरे बाबा, माजो मेवणो खंय रवता?" पोलिसाने मुकाट्याने त्यांच्या हातातला माझा पत्ता वाचला आणि त्यांना ट्राममध्ये बसवून दिलं. सिद्धांत सिद्ध झाला. कागदाचं श्रेय भावोजींनी कधीच मान्य केलं नाही.

मी त्या वेळी हॅम्बुर्गजवळच्या एका गावात यंत्रांच्या कारखान्यात काम शिकायला होतो. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती आणि देशाला कारखाने हवे होते. नाताळात पंधरा दिवस कारखाना बंद राही, तेव्हा आम्हा परदेशी पोरांना एकेका जर्मन कुटुंबात पाहुणे म्हणून पाठवत. मला निमंत्रण आलं, मी महिनाभर काट्याचमच्याचा सराव केला, आणि निघायच्या आदल्या दिवशी भावोजी दारात उभे! त्यांच्या बोटीचा पंखा मोडून ती गोदीत पडली होती. मी निमंत्रणाची गोष्ट सांगितली. "मगे बरा झाला," ते म्हणाले, "पावन्याबरोबर पावनो येवचोच." यजमानांना कळवायलाही वेळ उरला नाही.

घरात तिघं होती. म्हातारी, तिला सगळे ओमा म्हणजे आजी म्हणत, तिची मुलगी, आणि टपाल कचेरीत नोकरी करणारा जावई. जावयाने सुट्टीचं वेळापत्रक आखून स्वयंपाकघराच्या दाराला डकवलं होतं. कॉफी किती वाजता, फिरणं किती वाजता, हसतखेळत गप्पा किती ते किती. आंघोळ फक्त शनिवारी. भावोजींना या शेवटच्या ओळीचा अर्थ सांगितल्यावर ते जावयाकडे अशा काही करुणेने बघू लागले की मला त्याची दया आली. दुसऱ्या दिवशी पहाटे पंचा गुंडाळून ते न्हाणीघरात गेले आणि तसेच बाहेर आले. "मेवण्या, टबात मासो आसा!"

नाताळच्या जेवणासाठी तळ्यातला जिवंत मासा आणून चार दिवस आंघोळीच्या टबात पोहत ठेवायचा, ही त्या घरची रीत. चिखलाचा वास जातो म्हणे. भावोजींनी बाही सारून माशाचे कल्ले उघडून पाहिले. "गोड्या पान्यातलो. ह्येका चार दिस न्हाणयल्यान, पन चव खंयसून येतली?" मग रोज ते टबाशेजारी उभं राहून बादलीने आंघोळ करत आणि माशाला मिठबावच्या खाडीच्या गोष्टी सांगत. तिसऱ्या दिवशी वेळापत्रकात जावयाच्या टपोऱ्या अक्षरात नवी ओळ आली: "साडेसहा. भारतीय पाहुण्याचं स्नान." जर्मन माणसाला एखादी गोष्ट थांबवता आली नाही की तो तिची वेळ ठरवतो.

पहिल्याच दिवशी मुलीने मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन एक गोष्ट सांगून ठेवली होती. ओमाचा एकुलता मुलगा लढाईत रशियाकडे गेला तो परतला नाही. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याचीही नाही. आता कचेरीतून कागद आला होता; त्यावर ओमाने सही केली की मुलगा कायद्याने मेला असं ठरणार होतं. कागद दोन महिने घड्याळामागे पडून होता. ओमा सही करीना आणि दर नाताळला त्याचं ताट मांडायचंही थांबवीना. "आईने या दुःखातून सुटावं असं आम्हाला वाटतं," मुलगी म्हणाली. "नव्या वर्षाच्या आत तिने सही करायला हवी." मी मान डोलावली. भावोजींना हे सांगायचं मात्र मी विसरलो. खरं तर टाळलं. ते काय बोलतील याची मला धास्ती होती.

नाताळच्या संध्याकाळी बैठकीच्या खोलीत मेणबत्त्या लावलेलं झाड, पांढरंशुभ्र मेजपोस, आम्ही पाच माणसं आणि ताटं सहा. मासा व्हिनेगरमध्ये उकडून चक्क निळा झाला होता. बाकीचे खुर्च्यांमागे अदबीने उभे असताना भावोजी सरळ शेगडीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. ती त्या मुलाची खुर्ची.

जावई लाल झाला. मुलीने तोंडावर हात धरला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी दात-ओठ खाऊन पुटपुटलो, "भावोजी, उठा!"

"कित्याक? जास्तीचा ताट पावन्याचाच आसता."

ओमाने हात वर करून मला गप्प केलं. तिने माशाचा मधला तुकडा उचलला, भावोजींच्या ताटात वाढला, हळूच काहीतरी बोलली आणि समोर बसून राहिली. भावोजींनी काटाचमचा बाजूला सारला आणि हाताने, एकेक काटा अलगद काढत, तो निळा मासा निपटून खाल्ला. चव त्यांना मुळीच आवडली नसणार. ओमाने दुसरा तुकडा वाढला, त्यांनी तोही खाल्ला. तिचं स्वतःचं जेवण तसंच निवत होतं.

जेवण झाल्यावर मी भावोजींना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग ते जन्मात कधी न बोललेलं वाक्य बोलले: "मेवण्या, आता तूच सांग तिका. माजा बोलना हय पुराचा नाय."

माझं जर्मन लेथ आणि स्क्रूपुरतं. तरी भावोजी एकेक वाक्य सांगत गेले आणि मी शब्द जुळवत राहिलो.

"माजो बापूस गलबत घेवन मंगळूराक गेलो तो इलो नाय. मी पाच वर्सांचो. आयेन बारा वर्सा कुकू लायल्यान, रोज ताट वाढल्यान. मगे भटान दर्भाचो बापूस केल्यान आणि माका सांगल्यान, लाय आग. लायलंय. गावाक बरा वाटला. आये त्या दिवशी रडली नाय. दुसऱ्या दिवशी ती ताट वाढूक गेली आणि काकीन तिच्या हातातला ताट काढून घेतल्यान, तेवा रडली." मग ते ओमाकडे वळले. "हिका सांग, सही कर. सरकाराक कायतरी व्हया आसता. पन ताट काढू नको. ताटाचो आणि कागदाचो काय संबंद?"

माझं तोडकंमोडकं भाषांतर संपलं. जावयाने उगाच चष्मा पुसला. आम्ही निघालो त्या दिवशीही कागद घड्याळामागेच होता, आणि आपण कुणाच्या घरात काय करून बसलो या विचाराने मी परतीच्या गाडीत भावोजींशी बोललोच नाही.

पुढल्या वर्षी माझं शिक्षण संपलं. मी बहिणीकडे मिठबावला गेलो होतो, भावोजीही सुट्टीवर होते, आणि तिथे ओमाचं पत्र आलं. वसंतात तिने सही केली होती. ताट मात्र मांडते, असं लिहिलं होतं. आता ते जो कुणी येईल त्याचं असतं, आणि जावई काही बोलत नाही.

पडवीत भावोजींची आई काजू सोलत बसली होती. मी पत्राचा अर्थ तिला सांगितला. तिचे हात थांबले.

"तिच्या झिलाचा नाव काय होता रे?"

मी पत्र उलटंपालटं करून पाहिलं. 'माझा मुलगा' एवढंच सगळीकडे होतं.

"एर्विन," भावोजी म्हणाले. "तिनाच सांगल्यान, माका मासो वाढताना."

भावोजींच्या आईने ते नाव तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. मी पंधरा दिवस त्या घरात ओमाच्या भाषेत बोलत राहिलो होतो, आणि मला ते विचारायचं सुचलं नव्हतं.