वहीत न लिहिलेला बदल

चूक माझी होती. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मुख्य सर्व्हरची एक सेटिंग मी बदलली आणि वहीत लिहिली नाही.

प्रत्येक बदलाची नोंद करायची ती वही सर्व्हरच्या कपाटाला सुतळीनं बांधलेली असे. ही पद्धत अण्णांची. ते माझे वरिष्ठ. कामही त्यांनीच शिकवलं. कुणी वहीला हसलं की म्हणत, "डोस्कं इसरतंय, वही न्हाय इसरत."

त्या शनिवारी अण्णांनी नेटवर्कचा जुना स्विच बदलला, नोंद करून सही केली आणि घरी गेले. मी मागे थांबलो. इंटरनेट रखडत होतं, म्हणून सर्व्हरच्या डीएनएसमध्ये, म्हणजे यंत्रांची नावं कुणाला विचारायची त्या सेटिंगमध्ये, त्याचा स्वतःचा पत्ता होता तो काढून मी बाहेरचा घातला. आमच्या कारखान्यातल्या यंत्रांची नावं आमच्याच सर्व्हरला ठाऊक, बाहेरच्याला काय कळणार? अण्णांनी कितीदा बजावलं होतं, "सोताच्या घराचा पत्ता परगावच्या माणसाला इचारतंय का कोण?" तरी मी सर्व्हर रीस्टार्ट केला आणि निघालो.

सोमवारी कुणाचंच लॉगिन होईना. चलनं निघेनात, गेटवर ट्रक उभे राहिले. अण्णा स्विचच्या वायरी एकेक करून तपासत होते. मी पडद्यावर तो बाहेरचा पत्ता पाहिला आणि काय झालंय ते कळलं. गुपचूप जुना पत्ता घातला, लॉगिन सांभाळणारी नेटलॉगॉन सेवा पुन्हा सुरू केली. थोड्या वेळात लॉगिन व्हायला लागलं.

मॅनेजरांनी वही उघडली. "शेवटचा हात कुणाचा?"

"माझा. पण नुसता स्विच बदललाय, साहेब," अण्णा म्हणाले.

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं.

"स्विचचंच असेल," मी म्हणालो.

अण्णांनी खरं लिहिलं होतं, म्हणूनच ते अडकले. त्यांच्याकडून सर्व्हर रूमची किल्ली काढून घेतली, त्यांना स्टोअरला बसवलं. काही आठवड्यांत ते नोकरी सोडून सांगोल्याला डाळिंबाच्या बागेत गेले. किल्ली माझ्याकडे आली.

पूर्वी कंपनीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसायचे. मी चढलो की पिशवी उचलून जागा करायचे. "या मालक! आज कुणाचा सर्व्हर झोपवायचा?" अख्खी बस हसायची. डब्यातली अर्धी भाकरी न विचारता माझ्या हातात यायची. आता मला सगळे साहेब म्हणतात. कुठे अडलो की अजूनही मान डावीकडे वळते, त्यांच्या खुर्चीकडे. तिथे प्रिंटरचे कागद रचलेत.

परवा ते कपाट भंगारात निघालं. मी सुतळी सोडून वही घेतली. त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली माझा बदल लिहिला, कारण लिहिलं, सही केली आणि सांगोल्याची एसटी धरली.

अण्णा बागेत बाजेवर बसले होते. चष्मा लावून त्यांनी ती ओळ वाचली. मग माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"लई उशिरा नोंद केलीस की, मालक."

मी बाजेशेजारी मातीतच बसलो.

"अण्णा, मला तेव्हाच माहीत होतं. तुमच्यासमोर खोटं बोललो, आणि तुम्ही गेल्यावरही गप्प राहिलो. मला माफ करा."